फेब्रुवारीतलं तालिन

फिनलंडच्या आखाताच्या उत्तर काठावर हेलसिंकी आणि दक्षिण काठावर तालिन. मधलं अंतर सुमारे ८० किलोमीटर. मोठी फेरीबोट ते दोन तासांच्या आसपास पार करते आणि दिवसभरात अशा अनेक फेऱ्या असतात. एस्टोनियाच्या या राजधानीत पर्यटक येतात ते बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये, रात्री उशिरापर्यंत उजेड असताना. दुसरी गर्दी होते ती नाताळच्या बाजाराला. फेब्रुवारीत हॉटेलं स्वस्त असतात आणि गल्ल्या मोकळ्या.

हेलसिंकीच्या परिसरात नोकरीनिमित्त राहणारी आम्ही काही मराठी मित्रमंडळी मुद्दाम फेब्रुवारीच्या शेवटी तालिनला गेलो. २४ फेब्रुवारी हा एस्टोनियाचा स्वातंत्र्यदिन, आणि तो शनिवार-रविवारला जोडून आला होता. हेलसिंकीहून तालिनला जाणारे बरेच जण एका दिवसात जाऊन येतात. जुन्या गावात चक्कर, दुपारचं जेवण, थोडी खरेदी, की संध्याकाळची बोट. पण या शहराला दोन रात्री द्यायला हव्यात, आणि त्या हिवाळ्यातल्या द्यायला हव्यात. इथली घरं, इथलं जेवण, बंदर, गाणी आणि खुद्द देशाचा जन्म, या सगळ्यांचं थंडीशी जवळचं नातं आहे.

हे नातं बोटीवरच दिसायला लागतं. हेलसिंकीच्या पश्चिम बंदरातून बोट सुटली की काठालगतचा बर्फ कापत निघते. आधी अखंड पांढरा पत्रा, मग कडा उचललेले गोल गोल तुकडे, मग काळं पाणी. डेकवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी गाल बधिर होतात. तरीही थोडा वेळ उभं राहावं, कारण याच पट्ट्यात १९१८च्या फेब्रुवारीत मोठं नाट्य घडलं होतं. जर्मन फौजा तालिनच्या दिशेनं सरकत होत्या आणि रशियाच्या बाल्टिक आरमाराची जहाजं तालिनच्या गोठलेल्या बंदरात अडकली होती. बर्फ फोडणाऱ्या जहाजांनी वाट काढली आणि त्यांच्या मागोमाग ती हेलसिंकीला निसटली. रशियन निघाले होते, जर्मन अजून पोचले नव्हते. त्या मोजक्या दिवसांच्या फटीत एस्टोनियाच्या नेत्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. जाहीरनामा २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पार्नू या गावात वाचला गेला आणि २४ तारखेला तालिनमध्ये. २५ तारखेला जर्मन सैन्य शहरात शिरलं. प्रत्यक्ष स्वातंत्र्यासाठी पुढे युद्ध करावं लागलं आणि २ फेब्रुवारी १९२०च्या तार्तू तहानं सोव्हिएत रशियानं एस्टोनियाला मान्यता दिली. पण देशाचा वाढदिवस साजरा होतो तो त्या घाईगर्दीतल्या २४ फेब्रुवारीलाच.

त्या दिवशी सूर्योदयाला तोम्पेआ टेकडीवर पोचायचं असं आम्ही ठरवलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मध्यरात्री उठावं लागत नाही. पण पारा उणे दहाच्या खाली आणि समुद्रावरून येणारा बोचरा वारा. खालच्या गावातून ‘पिक याल्ग’ नावाच्या चढाच्या रस्त्यानं लोक टेकडीकडे निघाले होते. आजीआजोबा, दुलईत गुंडाळून बाबागाडीत ठेवलेली बाळं, रंगीत टोप्या घातलेले विद्यार्थी संघटनांचे तरुण, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात किंवा कोटावर निळा-काळा-पांढरा झेंडा. हा झेंडा मुळात एका विद्यार्थी संघटनेचा. १८८४ मध्ये ओतेपे या गावात त्याला विधिपूर्वक आशीर्वाद देण्यात आला होता.

तोम्पेआच्या किल्ल्याच्या एका कोपऱ्यात ‘पिक हर्मन’ हा गोल बुरुज आहे, सुमारे ४५ मीटर उंच. किल्ल्याच्या आतल्या बाजूला एस्टोनियाची संसद भरते. या बुरुजावर ज्याचा झेंडा त्याची सत्ता, असं तालिनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं देश गिळला, मधली तीन वर्षं तो जर्मनांच्या ताब्यात होता आणि १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत राजवट आली. सोव्हिएत काळात निळा-काळा-पांढरा झेंडा जवळ बाळगणंही गुन्हा होता. २४ फेब्रुवारी १९८९ ला, सोव्हिएत संघ अजून उभा असताना, तो झेंडा या बुरुजावर पुन्हा चढला. देश पूर्ण स्वतंत्र झाला त्यानंतर अडीच वर्षांनी, २० ऑगस्ट १९९१ रोजी.

सूर्य क्षितिजावर आला तसा बुरुजावर झेंडा चढू लागला आणि खालच्या बागेत उभ्या असलेल्या हजारो लोकांनी राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली. आम्ही चकित झालो, कारण ती चाल आम्हाला ओळखीची होती. फिनलंडच्या राष्ट्रगीताची चाल हीच आहे. हेलसिंकीत स्थायिक झालेल्या फ्रेडरिक पाशियुस या जर्मन संगीतकारानं ती १८४८ मध्ये बांधली. तिच्यावर एस्टोनियन शब्द लिहिले योहान वोल्डेमार यानसन यांनी, आणि १८६९ मध्ये तार्तूच्या पहिल्या गीतमहोत्सवात ते गाणं गायलं गेलं. सोव्हिएत काळात एस्टोनियात या गाण्यावर बंदी होती, पण आखातापलीकडून फिनलंडची आकाशवाणी रोज तीच चाल वाजवायची. शब्दांवर पहारा बसला तरी चाल घराघरात ऐकू येत राहिली. आमच्यातल्या नागपूरच्या मैत्रिणीला एस्टोनियन शब्द येत नव्हते, तरी ती फिनिश शब्दांत हळू आवाजात गाऊ लागली. शेजारच्या आजींनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि तिचा हात धरून उरलेलं गाणं पूर्ण केलं. दोन देशांतलं नातं त्या मिनिटात जेवढं कळलं, तेवढं पुस्तकातून कळलं नसतं.

टेकडीवरचं तोम्पेआ आणि पायथ्याचं गाव ही शतकानुशतकं दोन वेगळी शहरं होती. वर बिशप आणि सरदार, खाली व्यापारी आणि कारागीर. दोन्हींचे कायदे वेगळे, मध्ये तटबंदी, आणि वाटेवरचा दरवाजा रात्री बंद. प्रशासनाच्या दृष्टीनं दोन्ही भाग एक झाले ते १८७८ मध्ये. वर पाहण्यासारख्या जागा म्हणजे पांढरंशुभ्र तोमकिरिक हे जुनं कॅथेड्रल, आत सरदार घराण्यांची लाकडी मानचिन्हं असलेलं. संसदेसमोरचं कांद्याच्या आकाराच्या घुमटांचं अलेक्सांद्र नेव्हस्की कॅथेड्रल, झारशाहीनं रशियन ठसा उमटवण्यासाठी १९०० मध्ये पूर्ण केलेलं. आणि कोहतुओत्सा व पातकुली हे दोन सज्जे. हिवाळ्यात सज्ज्यावरून दिसणारी खालची लाल कौलं बर्फाखाली जातात आणि तटबंदीचे बुरुज उन्हाळ्यापेक्षा जास्त उठून दिसतात. तटाचा जवळजवळ दोन किलोमीटर भाग अजून उभा आहे, बुरुजांसकट. १९९७ मध्ये युनेस्कोनं या जुन्या गावाला जागतिक वारसा ठरवलं.

खालच्या गावात उतरलं की थंडीचा आणि वास्तूंचा संबंध अधिक स्पष्ट होतो. १२१९ मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार यानं हा प्रदेश जिंकला. पुढे जर्मन व्यापारी आले आणि तालिन हान्सा या व्यापारी संघाचं महत्त्वाचं बंदर झालं. पश्चिमेकडून मीठ आणि कापड यायचं, पूर्वेकडून रशियातल्या नोव्हगोरोदची कातडी आणि मेण. समुद्र गोठला की जहाजं थांबत, म्हणून माल महिनोन्‌महिने साठवून ठेवावा लागे. पिक रस्त्यावरची उंच, अरुंद घरं पाहा. तळमजल्यावर मालकाचं काम आणि बिऱ्हाड, वरचे मजले नुसती कोठारं. दर्शनी भिंतीच्या टोकाशी पुढे आलेली तुळई दिसते, ती माल दोरानं वर ओढण्यासाठी. ‘तीन बहिणी’ म्हणून ओळखली जाणारी तीन जोडघरं याचा उत्तम नमुना आहेत.

या घरांना ऊब द्यायची युक्तीही पाहण्यासारखी. तळघरातल्या भट्टीवर दगडांची रास रचलेली असे. लाकडं जाळून ते दगड लालबुंद होईपर्यंत तापवायचे. आग विझली आणि धूर पूर्ण गेला की वरच्या खोलीच्या फरशीतली झाकणं उघडायची. दगडांतली उष्णता स्वच्छ गरम हवेच्या रूपानं खोलीत भरायची आणि बराच काळ टिकायची. रोमन लोकांच्या पद्धतीशी तिचं साम्य आहे, पण दगडांत उष्णता साठवण्याची ही रीत बाल्टिक किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन शहरांत रुजली. गोठलेल्या बोटांनी त्या जाड चुनखडी भिंतींना हात लावताना तिचं महत्त्व पटतं.

गावाच्या मध्यभागी रायेकोया, म्हणजे नगरसभेची इमारत. ती १४०४ मध्ये आजच्या रूपात उभी राहिली आणि तिच्या मनोऱ्यावर १५३० पासून ‘वाना तोमास’ हा शिपाई वाऱ्याची दिशा दाखवतोय. मूळ पुतळा आता जपून ठेवला आहे, वर आहे ती प्रतिकृती. तिच्यासमोरच्या चौकाच्या एका कोपऱ्यात रायेआप्तेक हे औषधांचं दुकान आहे. १४२२ च्या कागदपत्रांत त्याच्या तिसऱ्या मालकाचा उल्लेख येतो, म्हणजे दुकान त्याहूनही जुनं. आजही तिथे औषधं मिळतात आणि बाजूच्या खोलीत जुन्या काळच्या बरण्या आणि औषधी चिजा मांडून ठेवल्या आहेत. बदाम आणि साखरेचं मार्झिपान याच दुकानात औषध म्हणून तयार झालं, अशी इथली आख्यायिका आहे. ते खायचं तर पिक रस्त्यावरच्या मायास्मोक या १८६४ पासूनच्या कॅफेत जावं. तिथे मार्झिपानच्या बाहुल्या हातानं रंगवल्या जातात.

थोडं पुढे ओलेविस्ते चर्च आहे. त्याचा टोकदार मनोरा सुमारे १२४ मीटर उंच. सोव्हिएत काळात केजीबीनं याच मनोऱ्यावर रेडिओ यंत्रणा बसवली होती. पाळतीच्या त्या राजवटीचा दुसरा पुरावा म्हणजे १९७२ मध्ये उघडलेलं विरू हॉटेल. १९६५ मध्ये हेलसिंकी-तालिन बोट पुन्हा सुरू झाली, फिनिश पर्यटक येऊ लागले आणि त्यांना एकाच छताखाली ठेवून नजर ठेवायला हे हॉटेल उपयोगी पडलं. लिफ्ट बावीस मजल्यांची बटणं दाखवायची. तेविसाव्या मजल्यावर केजीबीची यंत्रं होती आणि दारावर पाटी होती, ‘इथे काही नाही’. आज त्या मजल्यावर संग्रहालय आहे. ते मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतं, त्यामुळे जागा आधी राखून ठेवावी.

चालून भूक सपाटून लागते. ‘राई’ या धान्याचा काळा पाव हा इथल्या जेवणाचा आधार. त्यावर लोणी, उकडलेलं अंडं आणि मसाल्यात मुरवलेला कीलू नावाचा छोटा मासा ठेवून केलेला पाव स्वातंत्र्यदिनाला घरोघरी असतो. आंबवलेली कोबी, बार्ली, बटाटे, डुकराचं मांस, रक्ताचं सॉसेज हे हिवाळ्याचं जेवण. आमच्यातला कोल्हापूरचा मित्र शाकाहारी. त्याची सोय मशरूमचं सूप, बटाट्याचे प्रकार, चीज आणि पाव यांवर झाली. शाकाहारी वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं की कोबी आणि बार्लीच्या ‘मुल्गीकाप्साद’मध्ये सहसा मांस असतं, विचारूनच घ्यावं. सगळ्यांना आवडलं ते ‘कामा’. बार्ली, राई, ओट आणि वाटाणे भाजून केलेलं हे पीठ ताकासारख्या आंबट दुधात कालवून खातात. आपल्या सातूच्या पिठाची आठवण यावी इतकी चव जवळची. लेंट या ख्रिस्ती उपासकाळाआधीच्या दिवसांत बेकऱ्यांमध्ये ‘वास्तलाकुक्केल’ येतात. वेलदोड्याचा वास असलेला मऊ पाव, मधोमध कापून भरपूर साय भरलेला. दुकानातल्या फ्रिजमधली ‘कोहुके’ही घ्यावी. दह्याच्या चक्क्याची ती छोटी गोड कांडी, वर चॉकलेट.

तटबंदीपलीकडे, बाल्टी याम रेल्वे स्थानकाच्या मागे कालामाया ही जुनी कामगारवस्ती आहे. इथली लाकडी घरं मुद्दाम पाहावीत. दोन्ही बाजूंना लाकडाचे मजले आणि मधोमध दगडी जिना, म्हणजे आग लागली तरी बाहेर पडायची वाट शाबूत. हा घराचा नमुना १९२० आणि ३० च्या दशकांतला आणि खास तालिनचा. अनेक घरांत अजून लाकडाच्या शेगड्या पेटतात आणि संध्याकाळी सगळ्या वस्तीत धुराचा वास दरवळतो. स्थानकाशेजारच्या मंडईत लोणच्याच्या काकड्या, आंबवलेली कोबी आणि सुकवलेले मासे मिळतात. लोकरीचे हातविणीचे मोजे घ्यायचे तर जुन्या गावातल्या तटाच्या भिंतीलगत मांडलेली दुकानं बरी. कालामायात १९२८ पासूनचं काल्मा हे सार्वजनिक स्नानगृहही आहे. तिथे तापलेल्या सौनात बसून बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडपून घ्यायचं आणि मग थंड पाणी. दिवसभर साठलेला गारठा अर्ध्या तासात उतरतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेन्नुसादाम, म्हणजे जुन्या सी-प्लेन बंदरात गेलो. तालिनमध्ये एकच संग्रहालय पाहायला वेळ असेल तर हेच पाहावं. झारच्या आरमारासाठी १९१६-१७ मध्ये बांधलेल्या या विमानशाळेवर काँक्रीटचे तीन पातळ घुमट आहेत, प्रत्येक सुमारे ३६ मीटर लांब-रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. एवढं मोठं छत माथ्याजवळ अवघं काही सेंटिमीटर जाड आहे. आमच्या गटातला स्थापत्य अभियंता त्या घुमटाखाली तासभर मान वर करून फिरत होता, आणि त्यानं समजावून सांगितल्यावर आम्हीही. खाली ‘लेंबित’ ही पाणबुडी आहे. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली ही पाणबुडी २०११ पर्यंत पाण्यात होती. आता तिच्या पोटात शिरून खलाशांची अरुंद बाकं आणि टॉर्पेडोच्या नळ्या पाहता येतात.

बाहेर धक्क्याला ‘सूर तोल्ल’ हे वाफेवरचं बर्फ फोडणारं जहाज उभं आहे. १९१४ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या श्टेटिनमध्ये ते बांधलं गेलं, तेव्हा त्याच्यावर रशियन झारचं नाव होतं. क्रांतीनंतर नाव बदललं, १९१८ मध्ये फिनिश लोकांनी ते पळवलं आणि तार्तू तहानुसार १९२२ मध्ये ते एस्टोनियाला मिळालं. तेव्हा त्याला सारेमा बेटावरच्या दंतकथेतल्या महाकाय नायकाचं नाव दिलं. बोटीवरून ज्या बर्फाकडे आम्ही गंमत म्हणून पाहत होतो, तो फोडण्यासाठी याच्या बॉयलरांत किती कोळसा टाकावा लागत असेल, हे आतल्या भट्ट्यांसमोर उभं राहिल्यावर कळतं. इतिहासातल्या ज्या फेब्रुवारीबद्दल वर लिहिलं, त्या काळचं हे जहाज.

शेवटचा मुक्काम लाउलुवाल्याक, गीतमहोत्सवाचं मैदान. समुद्राजवळच्या उताराच्या पायथ्याशी १९६० मध्ये बांधलेलं कमानीचं भव्य व्यासपीठ आहे. दर पाच वर्षांनी इथे हजारो गायकांचं समूहगान होतं. सोव्हिएत राजवटीनं यानसन यांचं राष्ट्रगीत बंद केलं, पण त्यांची मुलगी लिडिया कोइदुला हिच्या एका देशभक्तिपर कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी १९४४ मध्ये चाल लावली आणि तेच लोकांचं अनधिकृत राष्ट्रगीत बनलं. बापाचं गाणं हिरावलं गेलं तेव्हा लेकीचं गाणं उभं राहिलं. १९८८ च्या उन्हाळ्यात याच मैदानावर रात्रीमागून रात्री लोक बंदी घातलेली गाणी गाऊ लागले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीला ‘गाणारी क्रांती’ म्हणतात. २३ ऑगस्ट १९८९ ला तालिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत, सहाशेहून अधिक किलोमीटर, तिन्ही बाल्टिक देशांतल्या लोकांनी हातात हात घालून साखळी केली. हिवाळ्यात या मैदानाच्या उतारावर मुलं घसरगाड्या घेऊन येतात आणि उतारावर बसलेल्या एर्नेसाक्स यांच्या कांस्य पुतळ्याच्या मांडीवर बर्फ साठलेला असतो. दहा-अकरा लाख लोकांच्या भाषेनं गाण्याच्या बळावर एवढी मोठी सत्ता झुगारली. मराठीचं काय होणार याची काळजी करणाऱ्या प्रत्येकानं या मैदानावर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. कारण भाषा टिकते ती माणसं एकत्र येऊन तिच्यात काही करतात तेव्हा, हे इथे पुराव्यानिशी दिसतं.

आता जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. एस्टोनिया शेंगेन क्षेत्रात आहे आणि चलन युरो. शेंगेन व्हिसावर युरोपात आलेल्यांना वेगळा व्हिसा लागत नाही, पण बोटीसाठीही पासपोर्ट जवळ हवाच. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा कपड्यांचे थर करावेत. अंगालगत लोकर किंवा घाम बाहेर टाकणारं कापड, त्यावर उबदार थर, सर्वांत वर वारा अडवणारा थर. सुती बनियन टाळावं, ते ओलं झालं की थंडी वाजते. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे यांना पर्याय नाही. जुन्या गावातले दगडी रस्ते बर्फानं घसरडे होतात, म्हणून रबरी पकडीचे बूट हवेत, किंवा बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे. छपरांवरून बर्फाचे सुळे कोसळतात. जिथे फुटपाथ फितीनं अडवलेला असेल तिथे रस्ता ओलांडून पलीकडून जावं. फोनची बॅटरी थंडीत झपाट्यानं उतरते, तो आतल्या खिशात ठेवावा. तासभर बाहेर, अर्धा तास आत, असा क्रम ठेवला तर लहान मुलं आणि वडीलधारी मंडळीही दिवसभर आनंदानं फिरू शकतात.

युरोपात नोकरी-शिक्षणासाठी आलेली आपली बरीच मंडळी हिवाळ्यात घरात बसून राहतात आणि सगळी भटकंती उन्हाळ्यावर ढकलतात. त्यांना आग्रहानं सांगावंसं वाटतं, की चार मित्र जमवा, गरम कपडे घ्या आणि २४ फेब्रुवारीच्या सूर्योदयाला तोम्पेआच्या टेकडीवर उभे राहा. तिथे तिकीट लागत नाही.